मंगलनं खड्डा बुजवला

मंगल लांडग्यांवर पीएच.डी. करतेय म्हटल्यावर आमच्या गावानं दात काढले. मेंढपाळाच्या पोरीनं लांडगा वाचवायचा म्हणजे कमालच. सांगलीला बी.एस्सी. करत होती तेव्हा बँकेची परीक्षा दे, डी.एड. कर, असं सांगणारे कमी नव्हते. तिनं एकाचंही ऐकलं नाही. पुढं शिकली आणि संशोधनासाठी वडूजजवळच्या आमच्या माळावरच परत आली. गळ्यात दुर्बीण, पिशवीत लांडग्याची विष्ठा. आलेली स्थळं ती पिशवी बघूनच परत गेली. तिचा बाप सिद्धू म्हणायचा, "लांडगा माझ्या मेंढरांमागं, ही लांडग्यामागं. धंदा त्योच हाय."

यंदा ती डॉक्टर झाली आणि गावाला अभिमानाचं भरतं आलं. सरपंच आप्पासोंनी माळावरच मांडव घातला. आमच्याकडं मोठं माणूस आलं की त्याच्या हातनं झाड लावून घेतात. या वेळी एका झाडावर भागेना, माळभर झाडं लावायची म्हणून मशीन आणून अख्ख्या माळावर खड्डे काढले. मंगलला विचारायचं कुणाला सुचलं नाही. सत्कारच तिचा, तिला काय विचारायचं?

शाल झाली, नारळ झाला. आप्पासोंनी रोप पुढं केलं. मंगलनं ते बाजूला ठेवलं, खोरं उचललं आणि खड्ड्यात माती लोटायला लागली.

"अगं, काय करतीस? उजाड माळ हिरवा करायचाय," आप्पासो म्हणाले.

"आवं आप्पा, उजाड कुठं हाय? हे गवत हाय. झाडं लावली की कुंपण घालणार, मेंढरं बंद. सावलीनं गवत गेलं की ससं जाणार. मग लांडग्यानं खायाचं काय? शाल परत घ्या तुमची, पर माळ हाय तसा ऱ्हाऊ द्या."

"लांडगा तुझ्या बापाचीच मेंढरं खातोय की."

सगळ्यांनी सिद्धूकडं बघितलं. नवा फेटा बांधून तो पहिल्या रांगेत बसला होता. तो उठला. लेकीला गप्प करणार असंच आम्हाला वाटलं. पण तो शेजारच्या खड्ड्यापाशी गेला आणि पायानं माती ढकलायला लागला.

"आप्पासो, लांडगा सालाला दोन-चार मेंढरं नेतो," तो म्हणाला. "तुमी समदा माळच न्यायला निघालाय."

मी खुर्चीवरनं उठलो आणि तिसऱ्या खड्ड्याकडं गेलो.