सर्व्हरवरचा रुमाल

नव्वदच्या दशकात अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या लायब्ररीत सर्व्हर आला. मी तेव्हा स्टोअर्स सांभाळायचे. त्याआधी एखाद्या रसायनाची माहिती हवी असली की लायब्ररीत जाऊन जाडजूड खंड उपसावे लागत. आता ते सगळं सीडींवर, आणि सीडी सर्व्हरमध्ये. आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नाव टाइप करायचं. प्रश्न वायरीतून लायब्ररीत जायचा, शोधाशोध तिकडे व्हायची, उत्तर आपल्यासमोर यायचं. कोठार एक, खिडक्या अनेक. मला तर ही व्यवस्था पाहताक्षणी पटली.

अडचण इतकीच, की परवाना एका वेळी दोघांचाच होता. तिसऱ्याला प्रवेश नाही. मग एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसे लोक आपला शोध उघडा ठेवून चहाला जात. सगळ्यांत मोठा रुमाल संशोधन विभागाच्या साहेबांचा.

एका दुपारी आमच्या हेल्परच्या हातात गंज काढायच्या द्रावणाची बाटली फुटली. बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा माणूस, तक्रार करणं माहीत नाही.

"काय नाय ताई, जरा चुरचुरतंय."

मी त्याला हात नळाखाली धरायला लावला. बाटलीवर नुसतं बाजारातलं नाव, आत काय ते नाही. कॅम्प दोन या जवळच्या सिंधी वस्तीतल्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला.

"अरे बाबा, ॲसिड सौ प्रकारचे असतात! पाणी चालू ठेवा आणि नेमकं कोणतं ते बघून सांगा."

कॉम्प्युटरवर बसले, तर दोन्ही जागा भरलेल्या. दुसऱ्या फोनवरून लायब्ररीतल्या बाईंना सगळं सांगितलं.

"एक जागा लॅबची, तिथे काम चालू आहे. दुसरी साहेबांची, आणि साहेब जेवतायत," त्या म्हणाल्या. "काढलं त्यांना. टाका नाव."

बाटलीवरचं नाव टाकलं, उत्तर आलं. आत हायड्रोफ्लोरिक ॲसिड होतं. सुरुवातीला फारसं दुखत नाही, पण हाडापर्यंत उतरतं. वर कॅल्शियमचं जेल लावावं लागतं. मी फोनवर वाचत गेले तसा डॉक्टरांचा आवाज बदलला.

"जेल आहे माझ्याकडे. रिक्षात बसवा. अभी के अभी!"

संध्याकाळी बाईंचे आभार मानायला गेले, तर साहेब तिथे तापलेले.

"बाई, माझा सकाळपासूनचा शोध गेला!"

"गेला खरा. मीच घालवला," बाई शांतपणे म्हणाल्या. "हेल्परचा हात वाचला, साहेब. डॉक्टरांचा फोन आलाय."

साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, "चला, पुन्हा शोधू."

पट्टी सुटल्यावर हेल्पर त्याच हाताने खोकी उचलायला लागला. आणि साहेब रोज जेवायला जाताना लायब्ररीच्या दारात डोकावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागले, "बाई, मी उठलो हं!"