पुसदच्या दुकानातली निळी जीन

कोऱ्या जीनचा वास आला की माझं डोकं आजही तापते. कापसाले कोणी विचारत नव्हतं, त्या सालातली गोष्ट. सकाळी खरेदी केंद्रावर माझा पांढराशुभ्र कापूस हलका म्हणून बाजूले काढला, अन् दुपारी पुसदच्या कपड्याच्या दुकानात बायकोलेही तसंच बाजूले काढलं. पोरगी आईले आपल्या नोकरीच्या शहरात नेणार होती, जीनचा हट्ट तिचाच. तिनंच दुकानदाराले सांगतलं, "आईले गडद निळी, कमरेत नीट बसणारी, खाली जराशी पसरलेली दाखवा. सध्या तेच चालू हाय, अन् तिले शोभन." दुकानदारानं कमरेले रबर लावलेली ढगळ काळी पँट समोर फेकली. "मावशीच्या वयाले हेच बरं. पन्नाशीनंतर कायची फॅशन?" गिऱ्हाईकं हसली. बायको पदर सावरून उठली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वावरात कापूस वेचताना ही लुगड्यावर माझा शर्ट घालते, तवा कोणाले हिचं वय दिसत नाही! काढ थे निळी!" त्यानं काढली. ती आत जाऊन घालून आली, तरी मी भांडूनच राह्यलो होतो. "अहो, पुरे आता," ती म्हणाली, "मागून कसी दिसते थे सांगा." मी पाह्यलं. ताठ, उंच दिसत होती. "झकास दिसते!" मी साऱ्या दुकानाले ऐकू जाईल असं सांगतलं. मग ती जीन तिथंच काढून ठेवायले लावली अन् तशीच समोरच्या दुकानातून घेतली. आता घरचे म्हणतात, बाबा, इतक्या वर्षांचा राग सोडा. कायले सोडू?