दहाव्या मजल्यावरून दिसलेला देवमासा

मी चाकणजवळ महाळुंग्याला एका कंपनीत क्वालिटी बघते. मोजता येत नाही ते मी मानत नाही, आणि असले अनुभव लिहिणाऱ्यांना आजवर हसतच आले आहे. तरी हे लिहून ठेवते.

आम्ही देवगडकडचे गाबीत. बाबांची हयात होडीवर गेली. आई गेल्यावर मी त्यांना मोशीला माझ्या फ्लॅटवर आणलं. घरात आम्ही दोघंच. मी शिफ्टला गेले की ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मागणं एकच — "माका एकदा दर्यार ने गो. देवमासो येवचो वखत झालो."

दिवाळीनंतर आमच्या गावच्या सड्यावरून, समुद्रावरच्या उंच कातळपठारावरून, तो दिसायचा. वेलीवरच्या काकडीला दाखवत नाहीत तसं त्यालाही बोट दाखवायचं नाही, वळलेली मूठ दाखवायची. चुकून बोट दाखवलंच तर ते चावायचं, नाहीतर तो परत येत नाही, असं आमच्या घरात मानत.

मी म्हणायचे, "ऑडिट होऊ दे." दोन ऑडिटं झाली.

डिसेंबरातला रविवार, दुपारचे तीन. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. बाबांनी निघोज्याच्या कारखान्यांच्या दिशेला मूठ केली. "इलो बघ."

"खंय?" म्हणत मी बोट दाखवलं. त्यांनी माझा हात ओढून बोट चावलं, लहानपणी चावायचे तसंच.

तेवढ्यात आवाज आला... लांब, ओला उच्छ्वास.

"बाबा, ट्रेलरचो एअर ब्रेक तो."

"चाकणात रवान श्वास वळखूक इसारलंस गो," ते हसले. "आता माका नेव नको. तोच येवन गेलो."

आकाश स्वच्छ होतं, हातातले कपडे कोरडे. पण त्यांच्या चष्म्यावर बारीक थेंब होते. वाळल्यावर पांढरे डाग राहिले. मी जीभ लावून पाहिली — खारट. घाम म्हणावं, तर काचांच्या फक्त बाहेरच्या बाजूला?

सोमवारी मी चार दिवसांची रजा टाकली. ती मंजूर झाली, पण त्याआधीच बाबा झोपेत गेले. रजा मी रद्द केली नाही. अस्थी घेऊन एकटीच गावी गेले, चारही संध्याकाळी सड्यावर उभी राहिले. काही दिसलं नाही.

चष्मा अजून पुसलेला नाही. त्या डागांचं कारण काही सापडलेलं नाही. रविवारी मी त्याच खुर्चीत बसते. खाली ट्रेलर थांबतात, ब्रेकचा आवाज येतो. त्या दिवशीचा वेगळा होता.

हात मात्र मूठ वळूनच ठेवते.