रफीकच्या बोल्टमधलं तेल

उत्तर सीमेवरच्या बर्फातल्या पोस्टवर हवालदार रफीक नेमबाज होता आणि मी त्याचा स्पॉटर, म्हणजे दुर्बिणीतून लक्ष्य शोधून देणारा जोडीदार. तो उदगीरचा, मी अर्धापूरचा. रफीक मारला गेला त्या पहाटे त्याने गोळी का चालवली नाही, यावर उदगीरला अजून कुजबुजतात.

त्याच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. हलणाऱ्या लोखंडाला तेल पाजायचं, हे त्याच्या हाताला लागलेलं वळण. बर्फात रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता दांडा, कोरडा ठेवायचा असतो. मी टोकलं की हसायचा. "आमच्या दुकानची मशीन कधी अडकली का? गप बस."

मागच्या महिन्यात त्याची मुलगी निलोफर मला नांदेडला बंदुकीच्या कारागिराकडे घेऊन गेली. ती स्पर्धांत नेमबाजी करते. तिला बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल बांधून घ्यायची होती. नळी आणि लाकडी दस्ता नंतर. आधी अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात सरकतो ते घर. टेबलावर दोन होत्या. एक घट्ट आणि गुळगुळीत, दुसरी जरा सैल, खडखडणारी.

"चाचा, ही लई मस्त सरकून राहिली," म्हणत तिने घट्ट अ‍ॅक्शन उचलली आणि पर्समधून तेलाची बाटली काढली. शिलाई मशीनचं तेल. मी तिचा हात धरला.

"ठेव ते. सैल घे. धूळ असो, थंडी असो, ती चालते."

तिने बाटली ठेवली. "चाचा, अब्बा घाबरले व्हते का?"

तिचे आजोबा, रफीकचे वडील, होते तोवर मी तोंड उघडलं नव्हतं. तेलाचं कळलं असतं तर म्हातारा खचला असता. आता ते नाहीत.

मी सांगितलं. उतारावर शत्रूची माणसं दिसली. रेडिओवर हुकूम आला, "फायर." रफीकने ट्रिगर दाबला. नुसतं टक् झालं. थंडीने घट्ट झालेल्या तेलात गोळीवर आदळणारी फायरिंग पिन रेंगाळली होती. त्यांनी आम्हाला पाहिलं.

"रफ्या, खाली हो," मी म्हणालो.

"थांब." त्याने बोल्ट ओढला, ती गोळी बाहेर टाकली, दुसरी भरायला घेतली. तेवढ्यात समोरून फायर आला.

"म्हंजी पळाले न्हाईत," निलोफर म्हणाली.

"न्हाई, बेटी. हात बोल्टवरच व्हता. बोल्ट अर्धा पुढं गेला व्हता."

रफीकची आठवण आली की मला तो हातच दिसतो. फार चांगला माणूस होता.

निलोफरने सैल अ‍ॅक्शन घेतली. फडक्याने बोल्ट कोरडा पुसला, मागे ओढला, पुढे ढकलला. अर्ध्यावर थांबली आणि हात बराच वेळ तिथेच ठेवला.