उभ्या गाडीचा विमा

गाडी तेरा आसनांची होती. तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगारांना ती सालवड आणि बोईसरमधून उचलायची. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझा नवरा तिनेच कामावर जायचा. ठेकेदाराने ती विकायला काढली, तेव्हा निवृत्तीला टेकलेल्या नवऱ्याने ती घेतली. आत झोपायला बाक, पाण्याची टाकी आणि छोटी शेगडी बसवायची, चिल्हार फाट्यावर डावीकडे वळून हायवेला लागायचं आणि सुरत, नंदुरबार करत तापीकाठच्या आपल्या गावी, मोठ्या बहिणीकडे जायचं, असा त्याचा बेत होता. मनात येईल तिथे थांबायचं. आयुष्यभर भोंग्यावर उठलेल्या माणसाला एवढंच हवं होतं.

तो एका रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा विभागात होता. तिथे प्रत्येक कामाआधी परवाना लागतो, वेल्डिंगचा वेगळा, टाकीत उतरायचा वेगळा. दुरुस्तीला घेतलेलं यंत्र मध्येच कोणी चालू करू नये म्हणून काम करणारा त्याच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि त्यावर आपल्या नावाचं लाल कार्ड अडकवतो. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. नोकरीच्या सुरुवातीला असं एक कुलूप दुसऱ्या कोणीतरी काढलेलं त्याने पाहिलं होतं. त्या दिवसाबद्दल तो घरी कधी पूर्ण बोलला नाही.

गाडीलाही त्याने तोच नियम लावला. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आमच्या वसाहतीत कोणाला वाटलं नाही.

आसनं काढण्याआधी त्याने आराखडा काढला आणि आरटीओची परवानगी घेतली. प्रवासी गाडीचा कर आसनांवर बसतो. आसनं उचकटून कोपऱ्यात रचून ठेवली, तरी नोंदणी बदलेपर्यंत कागदावर ती गाडीतच असतात. तो कर थांबवायचा तर गाडी वापरात नाही आणि अमुक जागी उभी आहे, असं आधी लिहून द्यावं लागतं. मग ती तिथून हलवता येत नाही. विम्याचंही तसंच निघालं. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या विमा एजंट बाईंनी स्पष्ट सांगितलं. कामगार नेणाऱ्या गाडीचा विमा होता, पण ती गाडी आता राहिलेली नाही. कॅम्परचा, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचा, काढता येईल, पण ती अजून झालेली नाही. मधल्या काळात उभ्या गाडीचा विमा मिळतो, फक्त आग आणि चोरीपुरता. अट तीच, गाडी हलता कामा नये.

दोन्ही कागद झाले. सालवडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गाडी विटांवर चढवली. नवऱ्याने स्टिअरिंग आणि पॅडल साखळीने बांधून कुलूप लावलं आणि आपल्या नावाचं लाल कार्ड अडकवलं. काम करणारा वेल्डर त्याच्याच कारखान्यातला जुना सोबती. शेड त्याचीच.

"साहेब, चाकं हवेत हायत. पळून जाणार कुठं ही?"

"तू आहेस ना शेडमध्ये, म्हणून," नवरा म्हणाला.

बाक बसण्याआधी त्याच्या पाठदुखीचं निदान झालं. गाठी कण्यात होत्या, मूळ दुसरीकडे. काही आठवड्यांत त्याला बसणं अशक्य झालं. आडवा असला की बोलायचा, हसायचा, हिशेबी प्रश्न विचारायचा. उठवून बसवलं की त्याचा चेहरा पांढरा पडायचा. डॉक्टरांनी मुदत सांगितली नाही, पण गावी जायचं असेल तर लवकर जा, एवढं सांगितलं.

त्याने आराखडा बदलला. दोन अरुंद बाकांऐवजी एकच रुंद बाक, खिडकीच्या उंचीला, मागच्या दारातून माणसाला आडवाच आत सरकवता येईल असा. शेजारी माझ्यासाठी एक आसन. बदललेल्या आराखड्याला परवानगीही नवी लागत होती. छातीवर लाकडी पाट ठेवून त्याने पडल्या पडल्या तो कागदावर काढला. परवानगीला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. उशीर कोणी केला नाही. ती हातात येईपर्यंत मात्र त्याने वेल्डरला पान्याला हात लावू दिला नाही.

मी अॅम्ब्युलन्सने गावी जाऊ म्हटलं. त्याला ते पटलं नाही.

"अॅम्ब्युलन्स दारात आली की ताई आधी रडणार, मग मला बघणार. मला तिच्या दारात गाडी लावून चहा प्यायचाय."

बाक बसला त्या संध्याकाळी वेल्डर घरी आला. टाकी राहिली होती, शेगडी राहिली होती, तपासणी तर दूरच. तो पलंगाशेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला की उद्या पहाटे निघू. गावी नाही तर नाही, एडवणपर्यंत जाऊ, मागचं दार उघडून समुद्र बघू आणि परत येऊ.

"त्या वक्ताला कोण अडवतंय तुमाला?"

"पोलिसांचं नाही रे. वाटेत कोणी आडवं आलं, तर त्याच्या घरी काय सांगशील? साहेबांना समुद्र बघायचा होता?"

"माज्या अंगावर घेतो सगळं."

"तुझं अंग पुरणार नाही."

मग मी विचारलं की तेरा आसनांचा जुना विमाच पुन्हा चालू केला तर? तो म्हणाला, आसनं आहेत असं लिहून द्यायचं आणि आत मी आडवा? मी कुलपाची चावी मागितली. त्याने दिली नाही. ती उशीखाली असते, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं की मी ती घेणार नाही. वेल्डर चहा न घेता गेला.

टाकी बसली त्या आठवड्यात त्याला श्वास पुरेना. मुंबईला हलवायचं ठरलं. अॅम्ब्युलन्सच्या काचा दुधी होत्या, बाहेरचं त्याला दिसत नव्हतं. गाडीचा वेग कमी झाला तेव्हा त्याने कुठे आलो म्हणून विचारलं.

"चिल्हार फाटा," मी म्हटलं.

"मग डावीकडे," तो म्हणाला.

गाडी उजवीकडे वळली. त्याला वळण कळलं असावं. नंतर त्याने कुठे आलो ते विचारलं नाही. रुग्णालयातून तो परत आला नाही.

गाडी त्याच्या नावावर होती. परवानगी त्याच्या नावावर होती आणि उभ्या गाडीचा विमाही. मालकच नसल्यावर हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं. वारस म्हणून मी ते केलं. कुलूप लावणारा कामावर येऊ शकत नसेल, तर कारखान्यात दोन जबाबदार माणसं सह्या करतात आणि मगच ते काढतात, असं वेल्डरने सांगितलं. लाल कार्डाच्या मागे त्याने सही केली, खाली मी केली. मग मी चावी लावली. तो तोवर शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला होता.

राहिलेली शेगडी बसवून घेतली, कर भरला, माझ्या नावाने रस्त्यावरचा विमा घेतला आणि गाडी तपासणीला विरारला नेली. वेल्डर चालवत होता. मी पुढे बसले. तपासणी करणारे अधिकारी काटेकोर होते. त्यांनी टेप लावून बाक मोजला, आराखड्याशी ताडला आणि शायिका एकच का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, एकच हवी होती. चांगलं रुंद केलंय, ते म्हणाले, झोपणार कोण? मी सांगितलं की अजून ठरलेलं नाही.

घरी येऊन ताईंना फोन केला. गाडी पास झाली, आता ती कुठेही नेता येते, असं सांगितलं. भावाची गाडी लागावी म्हणून त्यांनी गोठ्यासमोरची सावलीची जागा मोकळी करून ठेवली होती, गुरं मागे उन्हात बांधली होती. हे मला तेव्हा कळलं.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "मग म्हशी परत पुढे बांधू का?"

मी म्हटलं, बांधा.