अक्काचं डाळिंब

परवा नातसुनेनं डाळिंब सोललं आणि सालीच्या तुरट वासानं मला अणदूरच्या परसात नेलं.

निजामाचं राज्य होतं. त्या साली पाऊस झालाच नव्हता, आडाचं पाणी प्रत्येकीच्या वाट्याला दोनच घागरी यायचं. मी आणि माझी थोरली जाऊ अक्का, आम्ही एकाच दिवशी डाळिंबं लावली होती. माझं झाड वाळून गेलं. अक्काच्या झाडाला मात्र एक फळ धरलं. सासूबाई तिला जास्तीची घागर देत असतील, असं मला वाटायचं. ते फळ दिसलं की जेवणावरचं मन उडायचं.

एका सकाळी मी पाळत ठेवली. अक्का लुगड्याचा आडोसा करून आपल्याच वाट्याच्या पाण्यानं झाडाच्या आळ्यातच अंघोळ करत होती. ते मलाही जमलं असतं. तिची चूक सापडली नाही, म्हणून मी जास्तच जळले. ती आत जाताच मी फळ कच्चंच तोडून फोडलं. दाणे पांढरे निघाले.

मागं अक्का उभी होती.

"गळून पडलं व्हतं, अक्का," मी म्हणाले.

तिनं ताज्या देठाकडं पाहिलं. "तुझ्या डोहाळ्यासाठीच राखलं व्हतं गं. असू दे, आंबट बी लागंल गोड."

तिनं मीठ आणून दिलं. मला वाटलं, ही मला लाजवतेय. तिला माझी भूक दिसली होती, हे आता कळतं. लग्नाला दहा वर्षं होऊन तिला मूल नव्हतं, आणि मला पाचवा महिना होता. तरी जळत मीच होते.