पाठवणीच्या जागी वरात

भिंगारला घरी बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. अख्खी डिस्क एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये साठवायची, तिला डिस्क इमेज म्हणतात. ती सांभाळणारा आमचा प्रोग्राम. त्यातली एक खोट मला सापडली होती. जागा मोजणारा आकडा फार वाढला, की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा पुन्हा शून्यावर यायचा आणि नवं सगळं गुपचूप सर्वांत जुन्यावर लिहिलं जायचं. मी साहेबांना दाखवलं. "अरे, एवढी मोठी इमेज करतंय कोण?" म्हणाले. बाकीचे हसले.

करतंय कोण? माझा थोरला भाऊ! मिरजगावला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग तो कधीच पुसत नाही, कारण आमच्याकडे माणसं वर्षानुवर्षांनी येऊन मागतात. सगळी लग्नं तो आमच्याच प्रोग्रामनं एकाच इमेजमध्ये भरत राहिला, हे मला फार उशिरा कळलं.

मध्यंतरी त्याच्याकडे एक बाई आली. तिचे वडील नुकतेच वारले होते. तिच्या पाठवणीत ते गाडीपर्यंत आले होते, तेवढंच त्यांचं हलतंबोलतं चित्र. भावानं फाइल उघडली. नाव तिचंच, पण आत भलत्याच लग्नाची वरात, डीजेपुढे नाचणारी पोरं. त्यानं मला तातडीनं बोलावलं. मी सगळं उकरून पाहिलं, खाली काही उरलं नव्हतं.

"दादा, तुमीच बनवलंय न्हवं हे? मंग काढा की."

"गेलं ते, ताई," मी म्हणालो. तरी ती वरात शेवटपर्यंत बघत बसली. साहेबांचा मला भयंकर संताप आला.

पुढे एका बड्या गिऱ्हाइकाचंही तसंच झालं, तेव्हा कुठे साहेब जागे झाले. काम चार ओळींचं. आकड्याला मोठी जागा दिली, लिहिण्याआधी तपासणी घातली. ग्रुपवर साहेबांनी लिहिलं, "वेळीच पकडलं, शाब्बास." वेळीच म्हणे! मेल्यांना लाज कशी वाटत नाही.

नवा प्रोग्राम भावाकडे बसवायला गेलो. त्यानं कौतुकानं गावभर सांगून ठेवलं होतं, की धाकट्यानं बिघाड काढला. ती बाई दारातच उभी होती. या वेळी आईला घेऊन आली होती.

"दुरुस्त झालंय म्हनं. मंग लावा की आता."

दुरुस्ती फक्त पुढच्यांसाठी असते, गेलेलं त्यानं परत येत नाही. तिच्या आईनं पदरानं चष्मा पुसला आणि खुर्ची स्क्रीनजवळ ओढून घेतली.